‘तिथे’ गाठ लागली तर?

आंघोळ करताना हाताला लागलेली मटारच्या दाण्याएवढी गाठ. गुगल म्हणालं कॅन्सर, भिंतीवरची जाहिरात म्हणाली गुप्तरोग. डॉक्टरांना खरं काय ते सांगायला अर्धा तास पुरला. पण त्यांच्यापर्यंत पोचायला मला चार महिने लागले. तुम्हाला लागू नयेत, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, नवीन सेमिस्टर नुकतं सुरू झालेलं. आमच्या हॉस्टेलवर सातनंतर गरम पाणी जातं, म्हणून साडेसहालाच बादली घेऊन नंबर लावला होता. आंघोळ करताना साबणाच्या हाताला काहीतरी लागलं. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला, मटारच्या दाण्याएवढं. दुखत नव्हतं. दाबून पाहिलं तरी दुखेना. बाहेरून कुणीतरी दार वाजवत होतं, ‘अरे, झोपलास का आत?’ आणि मी आत पुतळ्यासारखा उभा.

‘तिथे’ म्हणजे कुठे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. अंडकोशात. आपण मुलं त्या अवयवाला काय काय म्हणतो आणि दिवसातून किती वेळा म्हणतो, ते इथे छापता येणार नाही. गंमत बघा, शिव्यांमध्ये आणि जोक्समध्ये ज्याचं नाव सतत असतं, त्याच्याबद्दल काही खरं विचारायची वेळ आली की आपली बोलती बंद होते.

मुलींनो, तुम्ही पान उलटू नका. तुमचा भाऊ, मित्र किंवा बाबा यातलं काहीतरी लपवत असण्याची शक्यता बरीच आहे.

तर त्या रात्री पांघरूण डोक्यावर घेतलं आणि इन्कॉग्निटो मोडमध्ये सर्च केलं. पहिल्या ओळीत ‘बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात’ असं होतं. तिसऱ्या ओळीत कॅन्सर होता. चौथी ओळ मी वाचलीच नाही.

पुढचे चार महिने मी कुणालाही काही सांगितलं नाही. जिम सोडली. संध्याकाळचं क्रिकेट सोडलं. दिवसातून दहा वेळा बाथरूममध्ये जाऊन गाठ वाढली का ते चाचपून बघायचो. आमच्या ग्रुपवर सगळं बोललं जातं. कुणाला केटी लागली, कुणाचं ब्रेकअप झालं, कुणाचं पोट बिघडलं, सगळं. हे मात्र टाइप करून डिलीट केलं. तीनदा.

मध्ये एकदा तर एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरचा नंबर फिरवला. तुम्ही त्या जाहिराती पाहिल्या असतील. लोकलच्या डब्यात असतात, स्टँडवर असतात. ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज.’ पलीकडच्या माणसानं माझं वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं आणि न बघताच निदान केलं: ‘हस्तमैथुनामुळे झालंय, नस कमजोर आहे.’ तीन महिन्यांचं चूर्ण, साडेचार हजार रुपये, कुरिअरनं घरपोच. मी पैसे पाठवणारही होतो. मेसचे पैसे भरायचे होते म्हणून वाचलो.

दादानं सांगितलं म्हणून...

दिवाळीला गावी गेलो. माझा मावसभाऊ दोन वर्षं सैन्यभरतीची तयारी करतोय. पहाटे चारला उठून पळतो. ग्राउंड निघालं, लेखी निघाली आणि मेडिकलला त्याला ‘टेम्पररी अनफिट’ करून परत पाठवलं. का? व्हेरिकोसील. हे तो ओट्यावर बसून, चहा पिता पिता, चार लोकांसमोर सांगत होता. मी बाजूला घेऊन विचारलं, ‘दादा, तुला लाज नाही वाटली?’ तो म्हणाला, ‘लाज कसली? तिथे लायनीत सगळेच उघडे उभे होतो. डॉक्टरला गुडघा काय आणि हे काय, सारखंच.’

मग मी त्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून बाहेर पडलं. त्यानं काही विचारलं नाही, हसलाही नाही. दुसऱ्या दिवशी बाइकवर मागे बसवून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला.

सर्जननी हातमोजे घालून तपासलं, दोन्ही बाजू. खोलीतला दिवा घालवून गाठीमागे छोटा टॉर्च धरला. गाठ लालसर उजळली. ‘पाणी दिसतंय,’ ते म्हणाले, ‘तरी सोनोग्राफी करू.’ पोटावर करतात तीच सोनोग्राफी, तेच गार जेल, दहा-पंधरा मिनिटं. सुई नाही, दुखणं नाही. रिपोर्टवर लिहिलं होतं: एपिडिडायमल सिस्ट, सात मिलिमीटर.

‘काही करायची गरज नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘कधी लागली होती हाताला?’

‘जुलैत.’

‘मग आत्तापर्यंत काय करत होतास?’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आजही नाही.

पाण्याची पिशवी

आता आपण आत काय असतं ते बघू. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुरुष प्रजनन संस्थेची आकृती होती. आमच्या सरांनी तो भाग ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला होता. तुमच्याही सरांनी सोडला असेल तर इथे उजळणी करा.

अंडकोश म्हणजे बाहेरची कातडीची पिशवी. तिच्यात दोन वृषणं असतात, शुक्राणू आणि टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या ग्रंथी. प्रत्येक वृषणाच्या मागच्या बाजूला एक मऊ, दोरीसारखा भाग चिकटलेला असतो. तो अधिवृषण, म्हणजेच एपिडिडायमिस. ही खरं तर वेटोळं घालून बसलेली एकच नळी आहे. उलगडली तर जवळपास सहा मीटर भरेल. वृषणात तयार झालेले शुक्राणू या नळीतून हळूहळू पुढे सरकतात आणि त्या प्रवासात पोहायला शिकतात.

इतकी लांब, इतकी बारीक नळी. तिचा एखादा भाग फुगतो आणि तिथे द्रव साठतो. झाली सिस्ट. आतलं पाणी स्वच्छ असेल तर एपिडिडायमल सिस्ट. दुधाळ असेल आणि त्यात शुक्राणू असतील तर तिला स्पर्मॅटोसील म्हणतात. हाताला दोन्ही सारख्याच लागतात आणि उपचारातही फरक नाही. ती का होते, याचं नेमकं कारण बहुतेक वेळा सापडत नाही. पण कशामुळे होत नाही, ते नक्की सांगता येतं. हस्तमैथुनामुळे नाही. घट्ट जीन्समुळे नाही. जिममुळे नाही. ती संसर्गजन्य नाही आणि तिचा कॅन्सरही होत नाही.

ही गोष्ट दुर्मीळही नाही. काही तक्रार नसलेल्या पुरुषांची सोनोग्राफी केली, तर साधारण २० ते ४० टक्के जणांमध्ये अशी एखादी लहानशी सिस्ट सापडते. साठ मुलांचा वर्ग धरा आणि हिशेब करा. ‘सिस्ट’ म्हटलं की आपल्याला पीसीओडीच आठवतो आणि हा बायकांचा विषय म्हणून आपण मोकळे होतो. तसं नाहीये.

मग प्रश्न येतो, पुढे मुलं होतील का? मी डॉक्टरांना हा प्रश्न शेवटी, दाराजवळ उभं राहून विचारला होता. उत्तर होतं, होतील. या सिस्टमुळे शुक्राणूंवर किंवा हार्मोन्सवर साधारणपणे काही परिणाम होत नाही.

उलट काळजी घ्यावी लागते ती ऑपरेशनची. सिस्ट काढताना त्या बारीक नळीला इजा झाली तर त्या बाजूच्या शुक्राणूंचा रस्ता बंद होऊ शकतो. म्हणूनच ज्याला अजून मुलं व्हायची आहेत, अशा तरुणाची छोटी, न दुखणारी सिस्ट डॉक्टर तशीच ठेवतात. ती खूप मोठी झाली, जड वाटायला लागली किंवा दुखायला लागली, तर ऑपरेशनचा विचार होतो. सुईनं पाणी काढलं तर ते बहुतेक वेळा परत भरतं. त्यामुळे ‘दोन मिनिटांत पाणी काढून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

प्रत्येक सूज सिस्ट नसते

तिथल्या सुजेला आपल्याकडे एकच शब्द आहे, अंडवृद्धी. पण त्या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी येतात.

हायड्रोसील म्हणजे वृषणाच्या भोवतीच्या आवरणात साठलेलं पाणी. सिस्ट ही वृषणाला लागून असलेली वेगळी गाठ असते, तर हायड्रोसीलमध्ये आख्खी बाजूच फुगते. ते दुखत नाही, पण वाढत जाऊन चालायला, बसायला त्रास होतो. विदर्भातल्या वाचकांनी हे नीट वाचा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग आहे. हत्तीरोग म्हटलं की सुजलेला पाय डोळ्यांसमोर येतो, पण डासांमधून पसरणारा तोच जंतू पुरुषांमध्ये हायड्रोसीलही करतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात हत्तीरोगानं पाय सुजलेले दीड कोटींहून जास्त लोक आहेत, तर त्यामुळे हायड्रोसील झालेले पुरुष अडीच कोटी. पाय दिसतो म्हणून त्याची चर्चा होते, हायड्रोसील धोतराआड राहतं. त्यावर ऑपरेशन आहे आणि ते सरकारी रुग्णालयात होतं. गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आशाताई येतात, तेव्हा त्या खिशात टाकू नका, त्यांच्यासमोरच घ्या.

व्हेरिकोसील म्हणजे फुगलेल्या शिरा. पायावर जशा निळ्या शिरा फुगतात, तशाच अंडकोशात. साधारण १५ टक्के पुरुषांमध्ये असतं, आणि बहुतेक वेळा डाव्या बाजूला. कारण डावीकडची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते आणि रक्त वर चढायला जड जातं. उभं राहिलं की शिरांचा गुंता हाताला लागतो, आडवं झालं की कमी होतो. संध्याकाळी जडपणा वाटू शकतो. यामुळे काही जणांमध्ये शुक्राणूंची संख्या कमी होते, पण प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. सैन्यभरतीच्या मेडिकलमध्ये हायड्रोसील आणि व्हेरिकोसील बघतातच. तुम्ही भरतीची तयारी करत असाल तर दोन वर्षं पळून झाल्यावर, मेडिकलच्या दिवशी हे कळण्यापेक्षा आधीच एकदा तपासून घ्या. दादाचं हेच चुकलं. ‘संध्याकाळी जड वाटायचं, पण मला वाटलं पळून पळून होत असेल,’ असं तो म्हणतो.

हर्निया, म्हणजे अंतर्गळ, हाही अंडकोशात उतरू शकतो. खोकलं की सूज वाढते आणि झोपलं की बहुतेक वेळा आत जाते.

इथे मात्र घाई करा

आतापर्यंतचं सगळं ‘टेन्शन घेऊ नका’ या सदरातलं होतं. आता उलटं.

एक: अचानक, एका बाजूला असह्य दुखणं. सोबत मळमळ, उलटी. कधी खेळताना, कधी चक्क झोपेतून जाग येते. हे टॉर्शन असू शकतं. वृषण स्वतःभोवती पिळलं जातं आणि त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. शाळा-कॉलेजच्या वयात हे जास्त होतं. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. चोवीस तास गेले तर क्वचितच. त्यामुळे ‘सकाळी बघू’ नाही, पेनकिलर घेऊन झोपणं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी रूममेटला उठवा आणि थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. आणि तुम्ही रूममेट असाल, तर जोक मारत बसू नका. गाडी काढा.

दोन: वृषणाला लागून नव्हे, तर वृषणातच असलेली टणक, न दुखणारी गाठ. किंवा एक वृषण हळूहळू मोठं, जड होत जाणं. वृषणाचा कॅन्सर भारतात खूप कमी होतो, दर वर्षी लाखात एका पुरुषापेक्षाही कमी. पण तो म्हातारपणाचा आजार नाही. तो मुख्यतः १५ ते ४० या वयात होतो, म्हणजे आपल्याच. लहानपणी ज्यांचं वृषण खाली उतरलेलं नव्हतं, त्यांना धोका जास्त असतो. चांगली बातमी अशी, की लवकर सापडला तर ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी निदान झालं तेव्हा कॅन्सर पोट, फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत गेला होता. तरीही तो बरा झाला. पुढे डोपिंगमुळे त्याची जेतेपदं काढून घेतली गेली, ती गोष्ट वेगळी. पण त्याला जी मोठी केमोथेरपी आणि मेंदूचं ऑपरेशन सोसावं लागलं, ते लवकर दाखवणाऱ्या बहुतेकांना सोसावं लागत नाही.

आता माझे चार महिने आठवा. माझी सिस्ट निघाली. पण त्या चार महिन्यांत मला हे माहीत नव्हतं. ती दुसरी गाठ असती, तरी मी नेमकं तेवढंच गप्प बसलो असतो.

दाखवायचं कुणाला?

सुरुवात तुमच्या नेहमीच्या एमबीबीएस डॉक्टरांपासून करा. ते सर्जन किंवा युरोलॉजिस्टकडे पाठवतील. ‘घरी कळेल’ ही भीती असेल तर लक्षात ठेवा, अठरा पूर्ण झाली असतील तर तुम्ही एकटे जाऊ शकता आणि डॉक्टरांनी तुमची माहिती गुप्त ठेवायची असते. पैशांचं टेन्शन असेल तर, राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. एकोणीस वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिथे असे प्रश्न विचारता येतात.

डॉक्टरांसमोर गेल्यावर काय बोलायचं, यावरच अनेकांचं अडतं. मीही ‘पोटात दुखतंय’ पासून सुरुवात केली होती. दादानं मागून ढोसलं. तुम्ही सरळ म्हणा: ‘वृषणाजवळ गाठ लागतेय, अमुक दिवसांपासून आहे, दुखते किंवा दुखत नाही.’ एवढं एकच वाक्य लागतं. लेडी डॉक्टर असतील तरी बिचकू नका, त्यांनी हे आधीही पाहिलेलं असतं.

आपल्या भाषेत हे बोलायला शब्द नाहीत, असंही नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि वाचकांच्या अशाच प्रश्नांना मराठीत सरळ उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एवढं सगळं होऊन गेल्यावर आपण अजून मुतारीच्या भिंतीवरचे नंबर फिरवतोय.

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी शेवटी आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला. सगळं लिहिलं, जुलैपासूनचं. पहिली दहा मिनिटं अपेक्षेप्रमाणे नुसते इमोजी. एकानं चूर्णाचा भाव विचारला. मग रात्री अकराच्या सुमारास एकाचा पर्सनलवर मेसेज आला, ‘अरे, तुझी नक्की कुठे होती?’ अर्ध्या तासानं दुसऱ्याचा. त्याला दोन वर्षं झाली होती.

पुढच्या सोमवारी आम्ही तिघं ओपीडीच्या लायनीत होतो. मी फक्त सोबतीला.

एवढं कापून ठेवा

● गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर कातडी सैल असते. अधूनमधून तेव्हा प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघा. रोज चाचपत बसायची गरज नाही. आपलं नेहमीचं कसं आहे, ते माहीत असलं की बदल लगेच कळतो.

● एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं असणं किंवा एक बाजू थोडी खाली असणं नॉर्मल आहे. मागची मऊ दोरी म्हणजे गाठ नव्हे, ते अधिवृषण.

● नवीन गाठ, सूज किंवा जडपणा जाणवला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. दुखत नसेल तरीही.

● अचानक जोरात दुखलं, उलटी झाली तर लगेच हॉस्पिटल. घड्याळ लावून सहा तास.

● मोबाइलचा टॉर्च लावून घरी निदान करू नका. पाणी आहे की गाठ, हे सोनोग्राफी सांगते.

● फोनवर, न तपासता औषध देणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका.